साथरोगतज्ज्ञाचा व्यवसाय : पूर्वी, आज आणि यंत्रयुगात

वैद्यक किंवा जीवशास्त्र शिकणाऱ्या आपल्या ज्ञातीतील काही मुलामुलींची दृष्टी अलीकडे साथरोगशास्त्राकडे वळू लागली आहे. २०२० साली करोनाची साथ आली आणि जो शब्द पूर्वी वैद्यकीय महाविद्यालयांच्या भिंतींबाहेर क्वचितच ऐकू येई, तो घरोघरी पोहोचला. परंतु त्या पाठोपाठच कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आली व पालकांच्या मनात साहजिकच शंका उभी राहिली. आकडे जमविणे, कोष्टके मांडणे, त्यांतून अनुमान काढणे हेच जर या विद्येचे काम असेल, तर ते यंत्र अधिक वेगाने करील. मग मुलीने आयुष्याची सहा-सात वर्षे त्यात का घालवावीत? प्रश्न पोटापाण्याचा आहे, म्हणून तो रास्तच आहे. त्याचे उत्तर ज्योतिष्याप्रमाणे देण्यापेक्षा या व्यवसायाच्या इतिहासात शोधणे अधिक श्रेयस्कर, कारण यंत्र आणि साथरोगतज्ज्ञ यांची गाठ काही आज प्रथमच पडत नाही.

लंडनच्या जन्ममृत्यू-नोंदणी कचेरीत विल्यम फार नावाचे एक विद्वान गृहस्थ होते. इंग्लंडमधील मृत्यूंची वर्गवारी त्यांनी चाळीस वर्षे केली. चार्ल्स बॅबेज यांच्या कल्पनेवरून स्वीडनमधील शॉइट्झ पितापुत्रांनी गणितयंत्र बनविले होते. तशा धर्तीचे यंत्र फार यांनी आपल्या कचेरीसाठी करवून घेतले आणि १८६४ साली प्रसिद्ध झालेल्या आयुर्मानाच्या कोष्टकांसाठी वापरले. यंत्राजवळ सतत माणूस बसवावा लागे आणि त्या शेकडो पृष्ठांपैकी थोडीच पृष्ठे संपूर्णपणे यंत्राने जुळविलेली होती. असो. यंत्राने कारकुनाची जागा घ्यावी ही आकांक्षा किती जुनी आहे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

फार यांच्या चरित्रातील दुसरा प्रसंग मात्र आजच्या प्रश्नाच्या मुळाशी जाऊन भिडतो. १८४८-४९ च्या पटकीच्या साथीतील मृत्यूंचे आकडे घेऊन त्यांनी असा नियम काढला की, वस्ती थेम्स नदीच्या पातळीपासून जितकी उंच, तितके तेथे पटकीचे मृत्यू कमी. १८५२ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. सूत्र आकड्यांशी इतके तंतोतंत जुळत होते की कोणाही गणितज्ञाने मान डोलवावी. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की नदीकाठची दूषित हवाच रोगाचे कारण असावी. आकडे खरे, गणित बिनचूक, आणि कारण साफ चुकीचे! सखल भागातील लोक नदीचे अधिक घाण पाणी पीत होते, हे त्या कोष्टकात कोठेच नव्हते.

ते शोधून काढले डॉ. जॉन स्नो यांनी. ऑगस्ट १८५४ च्या अखेरीस लंडनच्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात पटकीने थैमान घातले व तेथे सहाशेंवर माणसे मेली. स्नो यांनी फार यांच्याच कचेरीतून मृतांची यादी मिळविली. परंतु यादी हाती आल्यावर ते टेबलाशी न बसता त्या गल्लीत गेले. जवळच्या मद्याच्या कारखान्यातील कामगार का वाचले? कारण ते बिअर पीत, सार्वजनिक पंपाचे पाणी पीत नसत. दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा का मेली? कारण पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहत असता तिला त्या पाण्याची गोडी लागली होती आणि तिची मुले रोज तेथून तिला पाणी पाठवीत. कोणत्याही नोंदवहीत हे नव्हते. ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोपर्यंत ओसरू लागली होतीच, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

त्याच वर्षी त्यांनी याहून मोठा उद्योग केला. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यावर शेजारशेजारच्या घरांत होते. त्यांपैकी लँबेथ कंपनीने १८५२ साली आपले पाणी नदीच्या वरच्या, स्वच्छ भागातून घेण्यास सुरुवात केली होती; दुसरी कंपनी मात्र शहराच्या सांडपाण्याजवळूनच ते घेत राहिली. आपल्या घरी कोणाचे पाणी येते हे पुष्कळ भाडेकरूंना ठाऊक नसे. तेव्हा स्नो यांनी नमुने घेऊन पाण्यातील मिठाचे प्रमाण तपासण्याची युक्ती योजली, कारण दुसऱ्या कंपनीच्या पाण्यात ते कितीतरी पटींनी अधिक होते. हिशेब निघाला तो असा : दर दहा हजार घरांमागे लँबेथच्या ग्राहकांत ३७ मृत्यू, तर दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकांत ३१५. फार यांचा मोठेपणा असा की पुढे १८६६ च्या साथीत त्यांनी स्वतःच दूषित पाणीपुरवठ्याकडे बोट दाखविले.

आपल्याकडचा दाखला द्यावयाचा तर १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतील मांडवी भागात प्लेगचे निदान गोमंतकीय डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग्यांच्या खाटेशी बसून केले. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत ताप पसरला, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ त्या रानात गेले. आरंभी संशय पीतज्वराचा होता. निघाला तो गोचिडीने पसरणारा एक नवाच रोग. मेलेले माकड ही बातमी आहे, हे ओळखणारे कोणी तेथे होते म्हणून हे साधले.

आता यंत्रांकडे वळू. २००८ साली गूगल कंपनीने लोक काय शोधतात यावरून फ्लूच्या साथीचा अंदाज सांगणारी योजना सुरू केली. तिचा पुष्कळ गाजावाजा झाला. २००९ ची नवी फ्लूची साथ तिला नीट उमगली नाही. २०१२-१३ च्या हिवाळ्यात तिचा आकडा सरकारी आकड्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला आणि २०१५ साली योजना गुंडाळली गेली. करोनाकाळात छातीच्या छायाचित्रांवरून रोग ओळखणारे अनेक आराखडे निघाले. त्यांपैकी काहींत निरोगी म्हणून लहान मुलांची छायाचित्रे वापरली गेली होती. यंत्र मूल आणि प्रौढ यांतला भेद शिकले, रोग शिकलेच नाही. हा विल्यम फार यांचाच प्रमाद, फक्त वेग वाढलेला.

याचा अर्थ यंत्र निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. आपल्या देशाच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात एप्रिल २०२२ पासून एक यंत्रणा तेरा भाषांतील वृत्ते वाचीत आहे. तिने तीस कोटींहून अधिक वृत्तांतून सुमारे ९५ हजार आरोग्यविषयक घटना वेगळ्या काढल्या. त्यांपैकी साडेतीन हजारांच्या आसपास घटना संभाव्य साथ म्हणून निवडल्या, त्या तज्ज्ञ माणसांनी. इतकी वृत्ते वाचणे मनुष्यबळाने अशक्यच होते. येथे कामाची वाटणी स्पष्ट दिसते, आणि तिचा कटू भागही दिसतो : केवळ आकडे स्वच्छ करणे, तक्ते बनविणे, निबंधांचा गोषवारा काढणे यावर ज्यांची पहिली नोकरी अवलंबून होती, त्यांच्या जागा आकसतील. हे पालकांपासून लपविण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या मते यंत्राहून अधिक चिंतेची आहे. अमेरिकेच्या श्रमखात्याने २०२३ ते २०३३ या काळात साथरोगतज्ज्ञांच्या जागा १९ टक्क्यांनी वाढतील असा अंदाज केला होता. परंतु मार्च २०२५ मध्ये तेथील आरोग्यखात्याने सुमारे दहा हजार पदे कमी करण्याचे जाहीर केले, त्यांत रोगनियंत्रण केंद्रातील सुमारे २४०० होती. ही कपात कोणत्या यंत्राने केली नाही, अंदाजपत्रकाने केली. या व्यवसायाचा मुख्य धनी सरकार असते, आणि साथ संपली की धन्याची स्मृतीही संपते. आपल्याकडेही १९९४ च्या सुरतेच्या प्लेगने देश हादरला, तरी देशव्यापी एकात्मिक रोगसर्वेक्षण योजना सुरू व्हावयास २००४ साल उजाडले.

ज्यांना या मार्गाने जावयाचे आहे त्यांनी वैद्यकीची पदवी असल्यास दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रातील २०१२ पासूनच्या दोन वर्षांच्या साथरोग-गुप्तवार्ता प्रशिक्षणाची, तसेच चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेतील सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची चौकशी करावी. वैद्यकीची पदवी नसणाऱ्यांनाही त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेसारखी दारे उघडी आहेत. संख्याशास्त्र आणि संगणकाची एखादी भाषा आता अनिवार्य समजावी. मात्र मुलाखतीस जाण्यापूर्वी एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर सहा महिने काढून, आशाताईंबरोबर घरोघर फिरून, नोंदवही कशी भरली जाते आणि तिच्यात काय भरले जात नाही, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.