क्रेनपासून अंतराळवीराच्या खुब्यापर्यंत

मॉडेलिंगमध्ये पीएचडी करायची म्हणताय? मग कोडला हात लावण्याआधी थोडा इतिहास बघा.

1866 च्या सुमारास झुरिचमध्ये कार्ल कुलमान या इंजिनिअरनं मांडीच्या हाडाच्या आतल्या जाळीची चित्रं पाहिली. ती हर्मान फॉन मेयर या शरीरशास्त्रज्ञाची होती. कुलमानला त्यात क्रेनमधल्या ताणाच्या रेषा दिसल्या! पुढे 1892 मध्ये युलियस वोल्फनं पुस्तकच लिहिलं: जसा भार, तशी हाडाची रचना. तपशिलात वोल्फ बराच चुकला, पण कल्पना टिकली.

आता भारच काढून घेतला तर? 1973-74 मध्ये स्कायलॅबवर तीन तुकड्या 28, 59 आणि 84 दिवस राहिल्या. काहींच्या टाचेचं हाड विरळ झालं, हाताचं मात्र जवळपास तसंच राहिलं. म्हणजे जे हाड पृथ्वीवर वजन पेलतं, तेच झिजतं. नंतर मीर स्थानकावरच्या मोजमापांत खुब्याची घनता महिन्याला साधारण 1 ते 1.5 टक्के घटलेली दिसली.

पण घनता म्हणजे ताकद नव्हे. नेहमीचा डेक्सा स्कॅन हाडाची सपाट सावली मोजतो. झीज बाहेरच्या कवचात आहे की आतल्या जाळीत, हे त्यातून कळत नाही. इथं कॉम्प्युटर आला. फायनाइट एलिमेंट पद्धत हाडांसाठी 1972 पासून वापरात होती. सीटी स्कॅनमधल्या प्रत्येक छोट्या ठोकळ्याच्या घनतेवरून त्याचा कडकपणा ठरवायचा, मग मॉडेलवर भार वाढवत न्यायचा आणि कुठे मोडतं ते बघायचं. जॉइस कीयाक आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 13 अंतराळवीरांवर हे केलं. ताकद महिन्याला सरासरी 2 टक्के किंवा त्याहून जास्त घटली होती, म्हणजे घनतेपेक्षा वेगानं.

फक्त 13 माणसं! शिवाय घनतेवरून कडकपणा काढायची सूत्रं आली ती मृतदेहांच्या हाडांवर प्रयोगशाळेत केलेल्या चाचण्यांतून, आणि अशी हाडं बहुधा म्हाताऱ्या माणसांची असतात. चाळिशीतल्या तंदुरुस्त अंतराळवीराला ती कितपत लागू पडतात, हा प्रश्न व्हायवात येणारच.

तरी मॉडेलशिवाय भागत नाही. परतल्यावर वर्षभरानं पुन्हा स्कॅन केले, तेव्हा खुब्यातलं हाडाचं वस्तुमान बरंचसं भरून आलं होतं. हाड आकारानंही वाढलं होतं. पण घनता आणि अंदाजे ताकद अजून मागेच होती.