रोखप्रवाह अंदाज (बांधकाम प्रकल्पातील)

बांधकाम चालू असताना कोणत्या महिन्यात किती पैसा हाती येईल आणि किती बाहेर जाईल, याची आगाऊ मांडणी. एकूण खर्च किती, हे अंदाजपत्रकात कळते. तो कोणत्या तारखेला अंगावर येईल, हे या अंदाजात पाहायचे असते. कागदावर नफ्याचे असलेले कामही रोकड संपली की थांबते. ब्रिटनमधील कॅरिलियन ही बांधकाम कंपनी जानेवारी २०१८ मध्ये बुडाली तेव्हा तिच्या हातात मोठमोठी सरकारी कंत्राटे होती.

खर्चाची बाजू कामाच्या वेळापत्रकावरून काढतात. एकत्रित खर्चाचा आलेख सुरुवातीला संथ, मध्ये चढा आणि शेवटी पुन्हा संथ, म्हणजे ‘एस’ अक्षरासारखा येतो. महाराष्ट्रातील रस्ते व मातीकामात मात्र पावसाळा हा आलेख मोडतो. डांबरीकरण थांबते, बिल निघत नाही. यंत्रांचे हप्ते आणि पहारेकऱ्यांचे पगार मात्र चालूच राहतात.

खरी अडचण जमेच्या बाजूला असते. सरकारी कामात मोजमापे मापनपुस्तिकेत चढतात, कनिष्ठ अभियंत्यापासून कार्यकारी अभियंत्यापर्यंत तपासली जातात, मग चालू देयक, म्हणजे ठेकेदारांच्या बोलीतले ‘रनिंग बिल’, मंजूर होते. मंजुरीनंतरही निधी आलेला असावा लागतो. शिवाय मंजूर रक्कम पूर्ण मिळत नाही. समजा, वस्तू व सेवा कर वगळून बिल १ कोटीचे आहे आणि ठेकेदार कंपनी आहे. करारात ५ टक्के अनामत व १० टक्के आगाऊ रकमेची वसुली असेल, तर १५ लाख तिथेच गेले. आयकराची उद्गम कपात २ टक्के, वस्तू व सेवा कराची २ टक्के आणि कामगार कल्याण उपकर १ टक्का धरला, की हाती ८० लाख उरतात. कापलेले कर पुढे जुळवून घेता येतात. अनामत बहुधा दोषदायित्वाचा काळ संपल्यावरच सुटते.

याउलट मजुरांची आठवड्याची खर्ची आणि मुकादमाची उचल थांबत नाही. ही तफावत बँकेचे कॅश क्रेडिट किंवा सिमेंट-सळईच्या व्यापाऱ्याची उधारी भरून काढते, आणि तिचे व्याज अंदाजात धरायचे पुष्कळदा राहून जाते. बँकेला दाखवण्यासाठी केलेल्या अंदाजात बिलाची तारीख करारातली असते. कामाला उपयोगी पडणाऱ्या अंदाजात ती त्या खात्याच्या मागील बिलांवरून धरावी लागते, आणि दर महिन्याला प्रत्यक्ष जमा-खर्च पाहून पुढचे महिने पुन्हा मांडावे लागतात.

खासगी गृहप्रकल्पांत हे गणित २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने बदलले. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ती केवळ त्या प्रकल्पाच्या बांधकामासाठी व जमिनीच्या किमतीसाठी वापरता येते. तीही काम जितके पुढे सरकले त्या प्रमाणात, अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या दाखल्यांवर. एका इमारतीच्या बुकिंगमधून दुसरा भूखंड घेण्याची जुनी वाट त्यामुळे अरुंद झाली.