‘इफेमरल’ आणि क्षणभंगुर

इंग्रजीतील ‘इफेमरल’ या शब्दाला मराठी समीक्षेत ‘क्षणभंगुर’ हा प्रतिशब्द सर्रास योजिला जातो. दोहोंचा रोख अशाश्वताकडे असला, तरी त्यांची मापे एक नव्हेत. संस्कृत शब्दाचे माप क्षण. ग्रीक शब्दाचे माप दिवस. ‘एपि’ हे उपपद आणि दिवसवाचक ‘हेमेरा’ यांच्या संयोगातून ‘एफेमेरॉस’ सिद्ध झाला.

इंग्रजीत तो शिरला वैद्यकाच्या वाटेने. एका दिवसात उतरणारा ताप, हा त्याचा तेथील जुना अर्थ. (गुरांच्या ज्या तापाला आपला शेतकरी ‘तिवा’ म्हणतो, त्याच्या इंग्रजी नावातही हेच विशेषण आहे, मुक्काम मात्र तीन दिवसांचा!) हिपॅनिस नदीवरील, सूर्यास्ताबरोबर मरणाऱ्या कीटकाला अॅरिस्टॉटलने हेच नाव दिले. त्या जातीचे जीव पंख फुटण्यापूर्वी पाण्यात कित्येक महिने काढतात, हे त्या नावात कोठेच उमटत नाही.

शब्दाचा खरा पेच आहे तो पिंडरच्या काव्यात. एका मल्लाच्या विजयानिमित्त रचलेल्या आठव्या पीथियन स्तोत्रात तो मनुष्यमात्राला हे विशेषण लावतो. ‘एक दिवस जगणारा’ असाच त्याचा अर्थ दीर्घकाळ केला गेला. १९४६ साली हेर्मान फ्रेंकेल याने प्रतिपादिले की, येथे आयुष्याच्या लांबीचा प्रश्नच नाही; दिवसाच्या अधीन असलेला, दिवस पालटेल तसा पालटणारा, असा मनुष्य कवीला अभिप्रेत आहे. हे मत सर्वमान्य झाले नसले, तरी विजयाच्या ऐन उत्सवात ते शब्द उच्चारले गेले हे ध्यानी घेता तेच अधिक समर्पक वाटते.

‘क्षणभंग’ ही तर बौद्ध न्यायातील काटेकोर संज्ञा. रत्नकीर्तीचा ‘क्षणभंगसिद्धि’ हा ग्रंथ शोकाचा नसून तर्काचा आहे : जे जे सत् ते ते क्षणिक, हा त्याचा सिद्धांत; आणि तो खोडून काढण्यासाठी उदयनाचार्यांना ‘आत्मतत्त्वविवेक’ रचावा लागला. म्हणजे या न्यायाने महाकाव्यही क्षणभंगुरच ठरेल! मग वृत्तपत्रीय लेखनाला तेवढे ते विशेषण लावून समीक्षक नेमके काय सांगतो? बहुधा, ते मोडके आहे एवढेच. ‘इफेमरल’ मात्र ते आपल्या दिवसाचे आहे असे सांगतो. सॅम्युएल जॉन्सनने १७५१ साली ‘रॅम्बलर’मध्ये दैनंदिन पत्रांना त्या कीटकाचे नाव दिले, ते त्यांची उपयुक्तता मांडताना, हिणविण्यासाठी नव्हे.