घरच्या डॉक्टरांची वार्षिक तपासणी

बारामतीच्या पेठेंतील वाण्याला आपले तराजू व वजनें ठराविक मुदतीनें निरीक्षकासमोर मांडावीं लागतात, आणि तीं बरोबर भरलीं म्हणजेच त्यांवर सरकारी छाप बसतो. शाळामास्तरांचें शेरेबुक असतें. साखर कारखान्याच्या बॉयलरास देखील सालोसाल दाखला घ्यावा लागतो. परंतु ज्याच्या हातीं आपण घरांतील तान्ह्या मुलापासून पिकल्या पानापर्यंत सर्वांच्या नाड्या निःशंकपणें देतों, त्या घरच्या डॉक्टराची विद्या परीक्षेच्या दिवशीं होती तेवढीच आहे, कीं वाढली, कीं गंजली, हें नीट पाहण्याची सोय आपल्याकडे कधीं झाली नाहीं. ती कां झाली नाहीं, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. आणि तो कायद्याच्या पुस्तकांत जितका आहे, तितकाच आमच्या नीरा-भीमेच्या मुलखांतील रीतिभातींतहि आहे.

एके काळीं ही सोय अगदींच नव्हती असें मात्र नाहीं. पुण्यास १८७८ सालीं बैरामजी जीजीभाई यांच्या नांवाची वैद्यकशाळा सुरू झाली. अशा शाळांतून जे हॉस्पिटल असिस्टंट बाहेर पडत, त्यांची नेमणूक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत होई. पगार बेताचा, मान त्याहून बेताचा. जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन फिरतीवर आला म्हणजे औषधांचें कपाट, रोग्यांची वही, शस्त्रांची पेटी, सर्व पाहून शेरा लिहून जाई. आणि वरची पायरी चढावयाची तर ठराविक वर्षांनीं पुनः परीक्षेस बसावें लागे. या तपासणींत साहेबी ताठा पुष्कळ असे व रोग्याच्या हिताचा विचार किती असे, याविषयीं आम्हांस शंका आहे. तरीहि चमत्कार हा कीं, धंद्याच्या उतरंडींत जो सर्वांत खालीं, त्याचीच विद्या पुनःपुनः पारखली जाई. स्वतःचा दवाखाना थाटणारा पदवीधर या जाचांतून सुटलेला होता. आणि पुढें संख्या वाढली ती याच खाजगी डॉक्टरांची. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला, ऊंस आला, पैसा आला. साचलेल्या पाण्याबरोबर डास व डासांबरोबर हिवताप येतो, हें आतां शाळेंतील मुलासहि ठाऊक आहे. बागाइती गांवांस डॉक्टर हवा होता, आणि त्याची फी देण्याचें सामर्थ्यहि हळूहळू येत होतें.

कायद्यानें या खाजगी डॉक्टराची दखल प्रथम घेतली ती १९१२ सालीं. त्या वर्षींच्या मुंबईच्या वैद्यक कायद्यानें मेडिकल कौन्सिल स्थापन झालें व लायक डॉक्टरांचें नोंदणीपुस्तक उघडलें गेलें. नमुना विलायतेचा होता. तेथें असें कौन्सिल १८५८ च्या कायद्यानेंच अस्तित्वांत आलें होतें. नोंदणीचा अर्थ एवढाच कीं, हा मनुष्य मान्य परीक्षा उतरला आहे. त्यानें गुन्हा केला अथवा धंद्यास काळिमा लावला, तर त्याचें नांव खोडतां येई. परंतु तो अज्ञानी राहिला, जुनींच औषधें देत बसला, तर त्याबद्दल पुस्तकांत रकाना नव्हता. अनीति हा दोष ठरला, शिळी विद्या हा दोष ठरला नाहीं. आमच्या मतें पुढील शंभर वर्षांची दिशा याच ठिकाणीं ठरून गेली.

वैद्य-हकिमांची पाळी १९३८ च्या कायद्यानें आली. मोठा पेंच असा पडला कीं, गांवोगांव जे वैद्य पिढीजात औषध देत होते, त्यांच्याजवळ परीक्षेचा कागद कोठून असणार? तेव्हां जे आधींपासून नियमितपणें धंदा करीत होते, त्यांची निराळी यादी करण्यांत आली. म्हणजे व्यवसायाचीं वर्षें हीच लायकी. यांत अन्याय होता असें आम्ही म्हणत नाहीं. ते वैद्य काढून टाकले असते तर निम्म्या खेड्यांस काढा देणारा मनुष्यहि उरला नसता. मात्र वर्षें मोजणें आणि ज्ञान मोजणें यांतील फरक त्या यादीनें पुसून टाकला.

मग खरी परीक्षा घेई कोण? ती बाजार घेई. आठवड्याच्या बाजारास माळेगांवचा, सणसरचा, निमगांवचा शेतकरी येई, मेथीच्या जुडीबरोबर डॉक्टराची कीर्ति-अपकीर्तिहि खरेदी करून जाई. अमक्याच्या हाताला गुण आहे, तमका सुई टोचल्याशिवाय सोडीत नाहीं, असल्या निकालांवर दवाखाने चालत व ओस पडत. ही परीक्षा आम्ही तुच्छ मानीत नाहीं. डॉक्टर रात्रीं उठून येतो कीं नाहीं, गरिबाच्या पैशाची त्याला चाड आहे कीं नाहीं, हें बाजार जितकें अचूक ओळखतो, तितकें कोणतेंहि कौन्सिल ओळखणार नाहीं. परंतु जो ताप आपोआप उतरणार होता तो कोणाच्या औषधानें उतरला, हें बाजाराला कळत नाहीं. आणि गोड बोलणाऱ्यावर तर तो फारच लवकर भाळतो.

याची भयंकर साक्ष इंग्लंडांतच मिळाली. मँचेस्टरजवळील हाईड गांवीं हॅरोल्ड शिपमन नांवाचा डॉक्टर होता. रोगी त्याच्यावर जीव टाकीत, त्याच्या यादींत नांव लागावें म्हणून धडपडत. त्यानें १९७६ सालींच पेथिडीन या गुंगीच्या औषधासाठीं खोटे कागद केल्याबद्दल दंड भरला होता. कौन्सिलानें समजावणीचें पत्र पाठवून त्यास सोडून दिलें. २००० च्या जानेवारींत पंधरा रोग्यांच्या खुनाबद्दल त्यास शिक्षा झाली, आणि पुढील चौकशींत बळींची संख्या २१५ पर्यंत गेली. त्याचा संशय प्रथम बोलून दाखविला तो शेजारच्या दवाखान्यांतील एका डॉक्टरीणबाईंनीं, १९९८ च्या मार्चमध्यें. दहनाच्या दाखल्यांवर दुसऱ्या डॉक्टराची सही लागे. त्या सह्या करतां करतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, या गृहस्थाचे रोगी मरतात फार. पोलिसांनीं तपास केला तो वरवरचा. पुढें एका वृद्धेचें बनावट मृत्युपत्र उघडकीस आलें तेव्हां तो सांपडला. आमच्याकडे गांवोगांव होणाऱ्या पुष्कळ मृत्यूंस डॉक्टराचा दाखलाच नसतो; मग ताडून पाहण्यास शेजाऱ्याजवळ कागद तरी कोठला?

इंग्लंडांत घरच्या डॉक्टरांची वार्षिक तपासणी २००२ पासून सुरू झाली. तेथील कौन्सिल २००५ सालीं तिच्याच आधारावर परवान्याचें नूतनीकरण सुरू करणार होतें; पण शिपमन-चौकशीच्या अध्यक्षा न्यायमूर्ति जॅनेट स्मिथ यांनीं, ही तपासणी फार मवाळ आहे, असा ठपका ठेवल्यामुळें बेत लांबला व २०१२ च्या डिसेंबरांत अमलांत आला. रीत अशी: दुसरा एक घरचा डॉक्टर वर्षांतून एकदां दोन-अडीच तास समोर बसतो. वर्षभरांत काय वाचलें, कोठें चूक झाली व तिच्यापासून काय घेतलें, तक्रारी कोणत्या आल्या, हें विचारतो. पांच वर्षांतून एकदां रोग्यांचीं व सहकाऱ्यांचींहि मतें मागविलीं जातात. पांच वर्षांच्या अशा बैठकांवर परवाना पुढें चालतो. शिपमन या बैठकींतहि हंसतमुखानें उतरला असता, असें म्हणणारे पुष्कळ आहेत, व त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. खुनी पकडणें हें या बैठकीचें काम नव्हेच. प्रामाणिक पण एकट्या पडलेल्या डॉक्टराला दुसऱ्याच्या नजरेनें स्वतःकडे पाहतां यावें, हें तिचें काम. २०२० च्या करोनाच्या सांथींत ती कांहीं महिने बंद होती. पुनः सुरू झाली ती कागद कमी व बोलणें अधिक अशा रूपांत. कागदांचा कंटाळा तेथील डॉक्टरांसहि आला होता, हें यावरून उघड आहे.

आमच्याकडे २००२ च्या आचारनियमांनीं दर पांच वर्षांत तीस तास पुढील शिक्षण घ्यावें असें सांगितलें, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलानें पंचवार्षिक नूतनीकरणाची सांगड त्या तीस गुणांशीं घातली. २०२३ च्या ऑगस्टमध्यें राष्ट्रीय आयोगानें नवे नियम काढले व त्याच महिन्यांत ते स्थगित केले. तीस गुण मिळतात ते व्याख्यानास बसल्याचे. बसलेला मनुष्य ऐकत होता काय, आणि परत आल्यावर त्याच्या औषधाच्या चिठ्ठींत एक अक्षर तरी बदललें काय, हें कोणी पाहत नाहीं. शिवाय इंदापूर तालुक्यांतल्या खेड्यांत घरचा डॉक्टर म्हणून जो ओळखला जातो, तो पुष्कळदां आयुर्वेदाचा अथवा होमिओपथीचा पदवीधर असतो. त्याची नोंदणी निराळ्या कौन्सिलाकडे. तापाचे रोगी मात्र तेच, आणि बहुधा गोळ्याहि त्याच.

व्याख्यानें बहुधा पुण्यास भरतात, आणि पुणें बारामतीपासून शंभर किलोमीटर. एकट्यानें दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरानें एक दिवस कुलूप लावलें तर त्या दिवसाची मिळकत बुडते व रोगी दुसऱ्या दारीं जातो. तो दुसऱ्या दारींच राहील, ही धास्ती निराळीच. शेजारचा डॉक्टर हा सहाध्यायी नसून प्रतिस्पर्धी आहे, हें या धंद्याचें आमच्या गांवांतील खरें दुखणें. वार्षिक बैठकीची कल्पना अडेल ती येथेंच अडेल. म्हणून बारामतीच्या डॉक्टरासमोर बारामतीचा डॉक्टर बसवूं नये. फलटणचा किंवा दौंडचा बसवावा. चिठ्ठीबुकांतील वाटेल त्या दहा चिठ्ठ्या काढून, हें औषध कां दिलें, एवढेंच त्यानें विचारावें. रोग्याचें नांव झांकलेलें असावें, निकाल पास-नापास नसावा, आणि आयुर्वेदाच्या पदवीधरालाहि त्याच टेबलाशीं खुर्ची असावी.

बारामतीस २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथें पुस्तकालय आहे, शिकविणारे अध्यापक आहेत. अशा बैठकीस जागा पाहिजे ती एका खोलीची व दोन खुर्च्यांची. विलायतेंत तपासणाऱ्या डॉक्टरास त्या कामाचें मानधन मिळतें. येथें तें कोणीं द्यावें, आणि भिगवणहून आलेल्या डॉक्टराच्या बुडालेल्या दुपारची भरपाई कोणत्या खात्यांतून व्हावी, हें सरकारनें व कौन्सिलांनीं ठरवावयाचें आहे.