मेलेल्या फुफ्फुसातला विषाणू

अलास्कात समुद्रकाठी ब्रेव्हिग मिशन नावाचं छोटं गाव आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये स्पॅनिश फ्लू तिथं पोचला आणि पाच दिवसांत ८० पैकी ७२ मोठी माणसं गेली. बर्फासारख्या गोठलेल्या जमिनीत सगळ्यांना एकत्र पुरलं.

१९५१ मध्ये योहान हल्टिन हा स्वीडिश विद्यार्थी गावाची परवानगी घेऊन तिथं उकरायला गेला. फुफ्फुसाचे तुकडे आयोवाला नेले, कोंबडीच्या अंड्यांत टोचून पाहिले. विषाणू काही वाढला नाही. थंडीत राहूनही तो मेलेलाच होता.

१९९७ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, हाच माणूस पुन्हा गेला. पुन्हा गावाला विचारूनच. या वेळी एका स्थूल बाईचा मृतदेह सापडला. चरबीमुळे तिची फुफ्फुसं बरीच टिकली होती. त्यातून जेफ्री टॉबेनबर्गर यांच्या चमूला विषाणूच्या आरएनएचे तुकडे मिळाले. तुकडा तुकडा जोडत २००५ पर्यंत पूर्ण जनुकीय नकाशा तयार झाला. पण जिवंत विषाणू हवा होता तेव्हा तो अमेरिकेच्या सीडीसीच्या बंदिस्त प्रयोगशाळेत नव्याने बांधावाच लागला.

म्हणजे काय, तर पडक्या वाड्याचा नकाशा सापडला म्हणून वाड्यात चूल पेटत नसते.

हे आत्ता का सांगतोय? कोरोनात मी तालुक्याला बातमीदारी करत होतो. गावच्या स्मशानात प्रेत आणू नका म्हणून माणसं रस्ता अडवून उभी राहिलेली मी पाहिली. अस्थी न्यायला घरचे कचरत होते. अहो, राखेत कसला आलाय विषाणू! पण 'रिपोर्ट पॉझिटिव्ह' एवढे दोनच शब्द लोकांना कळायचे. आरटी-पीसीआर विषाणूचे अंश शोधते, तो जिवंत आहे की नाही ते सांगत नाही, हे कुणी समजावलंच नाही.

ताज्या मृतदेहात जिवंत विषाणू असू शकतो. म्हणून हाताळणाऱ्याला हातमोजे, मास्क हवाच, शवविच्छेदन करणाऱ्याला तर जास्तच. पण मेलेला माणूस खोकत नाही, शिंकत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही मे २०२० मध्ये वांद्र्याच्या दफनभूमीच्या प्रकरणात हेच बघितलं: मृतदेहातून कोरोना पसरतो याला शास्त्रीय आधार नाही म्हणून दफनाला विरोध करणारी याचिका फेटाळली.

निकाल लागला, पण तो गावच्या वेशीपर्यंत पोचला नाही. पुढची साथ येईल तेव्हा खबरदारी जरूर घ्या. पण लेकाला बापाचं तोंड लांबून तरी बघू द्या. ८० वर्षांपूर्वीच्या मढ्यांना हात लावायच्या आधी हल्टिन गावाला विचारायला गेला होता. आपण तर आपल्याच माणसांना विचारलं नाही.