आधी नकाशा, मग पाया

कुठल्याही प्रार्थनामंदिराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका उघडली की काही गोष्टी हमखास दिसतात. सेफेर तोरा वाजतगाजत आणल्याचा फोटो, कोनशिलेचा फोटो, देणगीदारांची यादी आणि पहिल्या मुकादमांपासून आजपर्यंतच्या कार्यकारी मंडळाची नावे. एक कागद मात्र सहसा छापला जात नाही. तो म्हणजे नगरपालिकेच्या शिक्क्याचा, मंजूर झालेला बांधकामाचा नकाशा. वास्तविक कोनशिला बसते ती या कागदाच्या आधारावर. म्हणून त्याचा इतिहास थोडक्यात मांडावा असे आम्ही ठरविले. हा इतिहास मुंबईतून इस्राएलपर्यंत जणू आपल्याबरोबरच आलेला आहे, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

बांधण्यापूर्वी दुसऱ्याचा विचार करावा, ही शिकवण आपल्याला प्रथम कुठल्या सरकारने दिलेली नाही. तोराच्या पाचव्या पुस्तकात, देवारीमच्या २२ व्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याला छपराभोवती कठडा घालण्याची आज्ञा आहे. वरून कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घराला लागू नये, हे त्यामागचे कारण. पुढे मिश्नाच्या बाबा बात्रा या प्रकरणात तर नगररचनेचे नियमच सापडतात. कातडी कमावण्याची जागा गावापासून पन्नास हात दूर हवी, झाड पंचवीस हात दूर हवे, शेजाऱ्याच्या खिडकीसमोर आपली खिडकी उघडू नये, असे हे नियम आहेत. माझी जमीन म्हणून मी वाटेल ते बांधीन, हा विचार आपल्या शास्त्राला कधीच मान्य नव्हता.

आपल्या वाडवडिलांनी भारतात प्रार्थनामंदिरे बांधली तेव्हा मंजुरीची पद्धत आजच्यासारखी नव्हती. १७९६ साली सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी मुंबईत शाआर हाराहमिम उभारले. आपले लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. त्यानंतर १८४० च्या दशकात रेवदंडा, अलिबाग आणि पनवेल येथेही प्रार्थनामंदिरे झाली. अशा कामांची सारी मदार गवंड्याच्या अनुभवावर आणि सुताराच्या हातावर असे. आपल्या समाजात गवंडी आणि सुतार पुष्कळ होते, त्यामुळे ही विद्या आपल्याला परकी नव्हती.

मुंबईत मंजुरीचा कायदा पक्का झाला तो १८८८ च्या महापालिका अधिनियमाने. त्यातील कलम ३३७ प्रमाणे इमारत बांधू इच्छिणाऱ्याने आयुक्तांना आधी नोटीस द्यायची. तीस दिवसांत आयुक्तांनी नापसंती कळविली नाही, तर काम सुरू करता येई. नापसंती कळवायची ती कलम ३४६ खाली, आणि कोणत्या अटी पुऱ्या केल्यास काम करता येईल तेही त्यात लिहायचे. यातून एक गंमत झाली. अटी घालून मिळणाऱ्या परवानगीच्या कागदाला मुंबईत कायमचे ‘नापसंतीची सूचना’ हेच नाव पडले. ‘आय. ओ. डी. मिळाली’ म्हणून जो कंत्राटदार पेढे वाटतो, तो कायद्याच्या भाषेत आपली नापसंतीच साजरी करीत असतो!

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दाटीवाटीच्या, काळोख्या चाळी किती घातक आहेत हे सर्वांना कळून चुकले. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. खोलीत उजेड आणि हवा यावी म्हणून ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम पुढे आणला. साध्या भाषेत, समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या सुमारे दुपटीहून जास्त असू नये. नकाशावर रेघ मारून हा हिशेब तपासता येई. खोलीत सूर्यप्रकाश येणार की नाही, हे भिंत उभी राहण्याआधीच कागदावर ठरू लागले. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. तो हिंदुस्थानातील या प्रकारचा पहिला कायदा होय.

आता इस्राएलकडे वळू. तुर्की अमलात यरुशलेममध्ये प्रार्थनामंदिर बांधणे ही नगरपालिकेपुरती गोष्ट नव्हती. त्यासाठी थेट सुलतानाच्या फर्मानाची गरज असे. १८६४ साली पुरे झालेल्या हुर्वा प्रार्थनामंदिरासाठी सर मोझेस माँटेफिओरी यांच्यासारख्या वजनदार माणसाला कॉन्स्टँटिनोपलपर्यंत शब्द टाकावा लागला. ती इमारत १९४८ च्या युद्धात उद्ध्वस्त झाली आणि पुन्हा बांधून २०१० साली उघडण्यात आली.

इंग्रजांनी यरुशलेम घेतल्यावर तेथील लष्करी गव्हर्नर रोनाल्ड स्टॉर्स यांनी एप्रिल १९१८ मध्ये जाहीरनामा काढला. दमास्कस दरवाजापासून २,५०० मीटरच्या परिघात लेखी परवान्याशिवाय कोणीही इमारत बांधू, पाडू, बदलू किंवा दुरुस्त करू नये, आणि मोडल्यास दोनशे इजिप्शियन पौंडांपर्यंत दंड. युद्ध अजून संपलेही नव्हते. तरी शहराचे रूप राखण्याची काळजी त्या जाहीरनाम्यात दिसते.

याच सुमारास मुंबईचा आणि या देशाचा एक धागा जुळला. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश विद्वान १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. हिंदुस्थानातील अनेक शहरे पायी फिरून त्यांनी अहवाल लिहिले होते. जुनी वस्ती सरसकट पाडू नये, माणसे कशी राहतात ते आधी पाहावे, असा त्यांचा आग्रह असे. त्याच गेडिस यांनी १९२५ साली तेल अवीवचा आराखडा तयार केला. तेल अवीवच्या जुन्या भागातील घरांच्या मधल्या छोट्या बागा आणि शांत गल्ल्या पाहताना मुंबईकराने त्यांची आठवण जरूर काढावी.

पॅलेस्टाइनमध्ये १९२१ साली नगररचनेचा पहिला वटहुकूम निघाला. १९३६ साली त्याची जागा दुसऱ्याने घेतली. इस्राएलचे राज्य झाल्यावरही तोच चालू राहिला. शेवटी १९६५ मध्ये केनेसेतने योजना व बांधकाम कायदा मंजूर केला आणि पुढच्या वर्षापासून तो अमलात आला. राष्ट्रीय मंडळ, जिल्हा समिती आणि गावची स्थानिक समिती, म्हणजे आपण जिला वादा मेकोमित म्हणतो ती, अशी तीन पायऱ्यांची रचना या कायद्याने केली. हेतेर बनिया, म्हणजे बांधकामाचा परवाना, हातात पडल्याशिवाय कुदळ मारायची नाही, हे त्याचे सूत्र.

आपले बहुतेक लोक १९५० आणि १९६० च्या दशकांत येथे आले. बेर शेवा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला अशा गावांत आपली वस्ती झाली. यातील दिमोना १९५५ साली आणि नवे अश्दोद १९५६ साली वसले. जेथे राहायलाच घर अपुरे, तेथे प्रार्थनेला स्वतंत्र इमारत कुठून येणार? कोणाच्या घरी, शाळेच्या खोलीत, लाकडी त्सरिफमध्ये, नाहीतर जमिनीखालच्या मिक्लातमध्ये मिन्यान जमे. त्याच काळात आपल्या यहुदीपणाबद्दलच शंका घेतली गेली. आपल्या माणसांनी सत्याग्रह केला आणि १९६४ साली सरकार व केनेसेत यांनी बेने इस्राएल सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे असल्याचे स्पष्ट केले.

हे येथे सांगण्याचे कारण असे. मिक्लातमध्ये प्रार्थना करणारी मंडळी ही पाहुण्यासारखी असते. जागा दुसऱ्याची, किल्ली दुसऱ्याची, आणि गरज पडली तर खाली करून द्यायची. पण नगरपालिकेच्या नकाशावर जेव्हा एका भूखंडावर ‘बेत क्नेसेत’ असे लिहिले जाते आणि अर्जदाराच्या रकान्यात आपल्या मंडळीचे नाव येते, तेव्हा आपण त्या गावचे होतो. आपल्याकडील वृद्ध मंडळींनी या कागदासाठी इरियाच्या पायऱ्या का झिजविल्या, ते यावरून कळेल.

त्या पायऱ्या थोड्या नव्हेत. आधी रीतसर संस्था हवी. १९८० च्या अमुता कायद्यानंतर बहुतेक मंडळ्यांनी त्याखाली नोंदणी केली. मग नगरपालिकेकडून जागा मिळवायची. ती जागा आराखड्यात सार्वजनिक इमारतीसाठी राखलेली हवी. नसेल तर आराखडाच बदलावा लागतो आणि तो लोकांना पाहण्यासाठी व हरकती घेण्यासाठी ठेवला जातो. त्यानंतर आर्किटेक्टचा नकाशा, इंजिनिअरचा लोखंड आणि काँक्रीटचा हिशेब, अग्निशामक दलाचे म्हणणे, आणि आश्रयाच्या जागेबद्दल पिकुद हाओरेफचे म्हणणे. १९९१ च्या युद्धात क्षेपणास्त्रे पडली, त्यानंतर १९९२ पासून नव्या घरांत ममादची सक्ती झाली. अपंगांसाठीच्या १९९८ च्या कायद्यात २००५ साली सार्वजनिक जागी सुलभ प्रवेशाच्या तरतुदींची भर पडली, तेव्हा उतार आणि लिफ्ट हेही नकाशावर आले.

प्रार्थनामंदिराच्या नकाशात आणखी एक अडचण असते, ती इतर इमारतींना नसते. हेखाल यरुशलेमच्या दिशेला हवा. मुंबईत आपण पश्चिमेकडे तोंड करून उभे राहत होतो. येथे अश्दोदहून पूर्वेकडे, लोद आणि रामलाहून आग्नेयेकडे, तर बेर शेवाहून ईशान्येकडे तोंड करावे लागते. नगरपालिकेचा भूखंड मात्र रस्त्याला समांतर असतो आणि कडेने किती जागा सोडायची ती रेषाही ठरलेली असते. मग भिंती रस्त्याप्रमाणे ठेवून आतली तेबा, हेखाल आणि बाके फिरवावी लागतात. स्त्रियांच्या सज्जाला वेगळा जिना हवा आणि गर्दीत बाहेर पडता यावे असे दरवाजे हवेत. या सगळ्याचा मेळ कागदावर घातला तर खोडरबराने चूक दुरुस्त होते. काँक्रीट ओतल्यावर तीच चूक छिन्नीने काढावी लागते.

परवाना म्हणजे नुसता खर्च आणि खेटे, असे काही तरुण म्हणतात. खेटे खरेच आहेत. म्हणूनच २०१४ साली कायद्यात मोठी दुरुस्ती करून समित्यांना मुदती घालून दिल्या. पण घाईची किंमत काय असते, हे या देशाने पाहिले आहे. २४ मे २००१ रोजी यरुशलेममधील व्हर्साय सभागृहात लग्न चालू असताना मजला कोसळला आणि २३ माणसे गेली. पाल-काल पद्धतीची ती हलकी फरशी मुळातच धोक्याची होती. १६ मे २०२१ रोजी शावुओथच्या संध्याकाळी गिवात झेएव येथे अर्धवट बांधलेल्या, वापराची परवानगी नसलेल्या प्रार्थनामंदिरात बसण्याच्या पायऱ्या कोसळल्या. दोघे मरण पावले आणि दीडशेहून अधिक जखमी झाले. ते सणाच्या प्रार्थनेसाठीच जमले होते. देवारीममधील कठड्याची आज्ञा अशा वेळी आठवते.

तालमुदमध्ये राव हिस्दा यांचे एक मत आहे. नवे प्रार्थनामंदिर बांधून होईपर्यंत जुने पाडू नये, कारण मध्येच काही अडले तर मंडळी प्रार्थनेवाचून राहील. आजच्या व्यवहारातही हे मत फार उपयोगी आहे. परवान्यात वर्षे जातात, मध्येच पैसे संपतात, आणि बांधकाम झाले तरी वीजपाण्याच्या जोडणीसाठी तो कागद लागतो, ज्याला लोक अजूनही तोफेस आर्बा म्हणतात. तोपर्यंत जुन्या मिक्लातची किल्ली परत करू नये.

आज आपल्यापैकी पुष्कळांना जिना चढवत नाही. म्हणून ठिकठिकाणी लिफ्ट, उतार, नवे स्वच्छतागृह यांची मागणी होत आहे. ती रास्तच आहे. मात्र भिंत फोडण्याआधी जुना मंजूर नकाशा काढून इंजिनिअरला दाखवावा आणि नवी परवानगी घ्यावी. ज्या मंडळीकडे तो नकाशा नसेल, तिने नगरपालिकेच्या दप्तरातून त्याची प्रत आणून ठेवावी. किल्ल्या आणि हिशेबाच्या वह्यांबरोबर हा कागदही एका मुकादमाने दुसऱ्याच्या हाती मोजून द्यावा. जागा कितीची, भिंत कोणती भार पेलते आणि नळ कुठून गेला आहे, हे पुढच्या पिढीला मराठी वाचता आले नाही तरी त्या रेघांवरून समजेल.

ईश्वर आपल्या हातांचे काम स्थिर करो. आमेन.