भयाभास आणि उत्तरभाग : 'झपाटलेला 2'च्या निमित्ताने

भयपटाचा उत्तरभाग हा समीक्षेने सहसा अनौरस मानलेला प्रकार आहे. जो दान्ते यांच्या 'द हाउलिंग' (1981) या लांडगा-मानवाच्या चित्रपटाला मान मिळाला. फिलिप मोरा यांच्या उत्तरभागाची (1985) मात्र क्रिस्टोफर ली असूनही हेटाळणी झाली. मराठीत याच्या जवळ जाणारे उदाहरण महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला 2'चे (2013) आहे.

मूळ 'झपाटलेला'चा (1993) सांगाडा 'चाइल्ड्स प्ले' (1988) या अमेरिकी चित्रपटाशी जुळतो. पण 'अनुकरण' एवढी नोंद करून थांबणे पुरेसे नाही. लांडगा-मानवाच्या कथेत देह पालटतो. येथे देह सुटतो आणि जीव बाहुल्यात शिरतो. हा परकायाप्रवेश आपल्याला शंकराचार्य आणि अमरुक राजा यांच्या आख्यायिकेपासून परिचित आहे. हर्णे असो वा सावंतवाडी, कोकणातल्या गोष्टींत भुताला बहुधा ठावठिकाणा असतो : एखादा पिंपळ, तिठा, पडकी विहीर. तात्या विंचूला अशी जागा नाही. तो रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यात आणि दिलीप प्रभावळकर यांच्या आवाजात वस्ती करतो. म्हणजे स्थळाची जागा येथे प्रयोगाने घेतली आहे.

असे चित्रपट 'ना धड भीतीचे, ना धड विनोदाचे' हा आक्षेप नेहमीचा आहे. भरताने हास्याची उत्पत्ती शृंगारातून सांगितली. अभिनवगुप्ताने मात्र कोणत्याही रसाच्या आभासातून हास्य संभवते असे मानले. त्या अर्थाने भयाभास हा या प्रकाराचा दोष नसून त्याची अटच आहे.

याचा अर्थ उत्तरभाग निर्दोष ठरतो असे नव्हे. पहिल्या चित्रपटात लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या खरोखर भेदरलेला असतो आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. आपले हसू त्या खऱ्या भीतीवर उभे असते. 2013 मध्ये बाहुला प्रेक्षकांच्या परिचयाचा, किंबहुना लाडका झालेला होता. त्रिमिती तंत्राने अंगावर येणारी वस्तू दचकवते, भिववत नाही. शिवाय बेर्डे 2004 मध्ये निवर्तले होते. कथेत तात्या आता लक्ष्याच्या मुलामागे लागतो, आणि ती भूमिका दिग्दर्शकाचे पुत्र आदिनाथ कोठारे करतात. लक्ष्याशी तुलना म्हणूनच अटळ होती. ती समीक्षकांनी बाहेरून लादलेली नव्हती, संहितेनेच ओढवून घेतली होती.

तेव्हा अशा कृतीबाबत 'मूळ की नक्कल' हा प्रश्न दुय्यम ठरतो. पडद्यावर खरोखर भिणारे कोणी उरले आहे काय, हा निकष अधिक उपयोगी आहे. भिणारा नाहीसा झाला की भयाचा आभासही टिकत नाही. उरते ती केवळ ओळखीची खूण.